युजर अकाउंट कंट्रोल

युजर अकाउंट कंट्रोल (संक्षेपात यूएसी) ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीतील एक सुरक्षा व्यवस्था आहे. एखाद्या आज्ञावलीला संगणकाच्या मूळ रचनेत बदल करायचा असेल, तर ही व्यवस्था काम मध्येच थांबवून वापरकर्त्याची संमती मागते. नवे सॉफ्टवेअर बसवणे, उपकरणाचा चालक जोडणे, प्रणालीच्या फोल्डरमध्ये लिहिणे किंवा सर्व वापरकर्त्यांना लागू होणारी मांडणी बदलणे ही अशा बदलांची उदाहरणे होत. संमती मागताना पडदा मंद होतो आणि मध्यभागी ‘होय’ व ‘नाही’ अशी दोन बटणे असलेली चौकट उमटते. व्यापारी ग्राहकांसाठी नोव्हेंबर २००६ मध्ये आणि सर्वसामान्यांसाठी ३० जानेवारी २००७ रोजी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ही सुविधा प्रथम आली. त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत ती आहे.

ही चौकट चालू ठेवावी की बंद करावी, हा प्रश्न व्हिस्टाच्या काळापासून विचारला जातो. त्याचे उत्तर देताना बहुधा केवळ दिसणाऱ्या चौकटीचा विचार होतो. चौकटीमागे घडणारी अधिकारांची विभागणी हा या व्यवस्थेचा मुख्य भाग असून ती डोळ्यांना दिसत नाही.

पार्श्वभूमी

विंडोज ९५, ९८ आणि एमई या आवृत्त्यांत प्रशासक व सामान्य वापरकर्ता असा भेदच नव्हता. संगणकासमोर बसलेली व्यक्ती, आणि तिने सुरू केलेली प्रत्येक आज्ञावली, काहीही करू शकत असे. विंडोज एनटी या वेगळ्या शाखेत खात्यांचे प्रकार आणि त्यांचे अधिकार काटेकोरपणे ठरवलेले होते. या शाखेवर आधारलेली विंडोज एक्सपी २००१ मध्ये घरोघरी पोहोचली, तेव्हा ही रचना सर्वसामान्यांच्या संगणकावरही आली. पण ती वापरात आली नाही. एक्सपी बसवताना तयार होणारी खाती मुळातच प्रशासक प्रकारची असत, आणि बहुधा त्यांना परवलीचा शब्दही नसे. मर्यादित अधिकारांचे खाते वेगळे तयार करता येत होते, पण त्यातून काम करणे जिकिरीचे होते. अनेक खेळ, हिशेबाची सॉफ्टवेअरे आणि मुद्रकासोबत येणारी साधने आपली माहिती थेट ‘प्रोग्राम फाइल्स’ या संरक्षित फोल्डरमध्ये लिहीत. मर्यादित खात्यात ती एक तर सुरूच होत नसत, किंवा अर्ध्यावर बंद पडत.

हे दुष्टचक्र होते. सगळेच प्रशासक असल्याने सॉफ्टवेअर लिहिणारे प्रशासकाचे अधिकार गृहीत धरत, आणि सॉफ्टवेअरला ते अधिकार लागत असल्याने सगळ्यांना प्रशासकच राहावे लागे. ई-मेलसोबत आलेली एखादी हानिकारक संचिका उघडली गेली, तर तिलाही आपोआप तेच अधिकार मिळत. मग विषाणुरोधक बंद करणे, स्वतःला प्रणालीच्या सेवांमध्ये नोंदवणे, दुसऱ्या वापरकर्त्यांच्या संचिका वाचणे यांपैकी कशालाच अडथळा उरत नसे.

संगणकशास्त्रात याविरुद्धचे तत्त्व जुने आहे. जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मधील आपल्या प्रबंधात ‘किमान अधिकारांचे तत्त्व’ मांडले. प्रत्येक आज्ञावलीने व प्रत्येक वापरकर्त्याने हातातल्या कामाला पुरतील तेवढेच अधिकार घेऊन काम करावे, असे ते तत्त्व सांगते. युनिक्स प्रणालींमध्ये १९८० च्या सुमारास लिहिली गेलेली ‘सुडो’ ही आज्ञा याच विचाराची आहे. एका विशिष्ट कामापुरते मुख्य प्रशासकाचे अधिकार घ्यायचे आणि काम होताच सोडायचे, अशी तिची रीत आहे.

कार्यपद्धती

विंडोजमध्ये वापरकर्ता प्रवेश करतो, तेव्हा त्याच्या नावे एक ‘टोकन’ तयार होते. त्याला सोपी उपमा ओळखपत्राची देता येईल: त्यावर वापरकर्ता कोण, कोणत्या गटांचा सदस्य आणि त्याला काय करण्याची मुभा आहे, हे लिहिलेले असते. त्याने सुरू केलेल्या प्रत्येक आज्ञावलीला या ओळखपत्राची प्रत मिळते. यूएसी चालू असताना प्रशासकाने प्रवेश केला, की एकाऐवजी दोन टोकने तयार होतात. एकात पूर्ण अधिकार असतात, दुसऱ्यातून ते गाळलेले असतात. डेस्कटॉप, ब्राउझर, ई-मेल, कार्यालयीन सॉफ्टवेअर अशा रोजच्या सगळ्या गोष्टी गाळलेल्या टोकनावर चालतात. म्हणजे प्रशासकही दिवसातील बहुतेक वेळ सामान्य वापरकर्ताच असतो. पूर्ण टोकन बाजूला ठेवलेले असते आणि संमती मिळाली तरच, त्या एका आज्ञावलीपुरते, दिले जाते.

यासोबत ‘विश्वसनीयता पातळी’ ही दुसरी विभागणीही व्हिस्टात आली. निम्न, मध्यम, उच्च आणि प्रणाली अशा तिच्या मुख्य पायऱ्या आहेत. साधी आज्ञावली मध्यम पातळीवर चालते, संमती मिळालेली उच्च पातळीवर. खालच्या पातळीवरील आज्ञावलीला वरच्या पातळीवरील खिडकीकडे बनावट टिचक्या किंवा कळदाब पाठवता येत नाहीत. एक्सपीमध्ये एकाच डेस्कटॉपवरील खिडक्यांना असा आडपडदा नव्हता आणि त्याचा गैरवापर करण्याच्या पद्धती तेव्हा माहीत झालेल्या होत्या. या आडपडद्याचे त्रासदायक परिणामही आहेत. फोल्डरमधून एखादी संचिका ओढून प्रशासक अधिकाराने चाललेल्या खिडकीत टाकली, तर ती स्वीकारली जात नाही. कार्यालयातील नेटवर्क ड्राइव्ह साध्या खिडकीत दिसतो, पण अधिकार वाढवलेल्या आज्ञावलीला दिसत नाही, कारण दोन टोकने ही प्रणालीच्या लेखी दोन वेगळी प्रवेशसत्रे असतात. अशा वेळी बिघाड झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात व्यवस्था ठरल्याप्रमाणे चाललेली असते.

पडदा मंद होण्यालाही कारण आहे. चौकट नेहमीच्या डेस्कटॉपवर न उघडता ‘सुरक्षित डेस्कटॉप’ नावाच्या स्वतंत्र जागी उघडते. मागे दिसणारा मंद पडदा हे मूळ डेस्कटॉपचे निव्वळ छायाचित्र असते. या जागी प्रणालीच्या स्वतःच्या प्रक्रियाच चालू शकतात. त्यामुळे दुसरी आज्ञावली वापरकर्त्याच्या वतीने ‘होय’वर टिचकी मारू शकत नाही, किंवा बटणांवर खोटे चित्र चिकटवू शकत नाही. चौकटीत आज्ञावलीचे नाव आणि तिचा प्रकाशक दिलेला असतो. विंडोज १० मध्ये प्रकाशकाची अंकीय स्वाक्षरी पडताळता आली, तर चौकटीचा माथा निळा असतो. प्रकाशक अज्ञात असेल, तर पिवळा. निळ्या रंगाने प्रकाशकाची ओळख पटते, त्याच्या हेतूची खात्री मिळत नाही.

खाते प्रशासकाचे असेल, तर केवळ ‘होय’ म्हणणे पुरते. खाते सामान्य प्रकारचे असेल, तर प्रशासकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. घरातील मुलांच्या किंवा कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या संगणकावर ही दुसरी पद्धत योजलेली असते.

जुन्या सॉफ्टवेअरसाठी एक तडजोडही केलेली आहे. संरक्षित फोल्डरमध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या ३२ बिट आज्ञावलीला नकार न देता तिचे लिखाण वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोर’ या खासगी फोल्डरमध्ये वळवले जाते. आज्ञावलीला वाटते, की आपण मूळ जागीच लिहिले. या तडजोडीमुळे असंख्य जुनी सॉफ्टवेअरे व्हिस्टावर चालू राहिली. तिचा एक अनपेक्षित परिणाम पुढे येतो.

व्हिस्टामधील अनुभव

व्हिस्टाच्या पहिल्या वर्षात ही चौकट उपहासाचा विषय झाली. संरक्षित जागी एक नवे फोल्डर तयार करून त्याला नाव देण्यासाठी एकामागून एक चार प्रश्नांना सामोरे जावे लागे. २००८ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकने ते एकावर आणले. अॅपलने २००७ मध्ये आपल्या ‘गेट अ मॅक’ या जाहिरातमालेत पीसीच्या पात्रामागे काळ्या चष्म्यातील एक सुरक्षारक्षक उभा केला. तो प्रत्येक वाक्यानंतर परवानगी द्यायची की नाकारायची, असे विचारत राहतो. जाहिरात खोडसाळ होती, पण तक्रार खोटी नव्हती.

एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टचे अधिकारी डेव्हिड क्रॉस यांनी या तक्रारीवर अनपेक्षित खुलासा केला. वापरकर्त्यांना त्रास व्हावा यासाठीच ही सुविधा घातली, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. या विधानाची बरीच थट्टा झाली. मात्र त्यामागील तर्क सरळ होता. विनाकारण प्रशासक अधिकार मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा त्रास ग्राहकाला जाणवला, की ग्राहक निर्मात्याकडे तक्रार करील आणि निर्माता आपले सॉफ्टवेअर सुधारील. वर सांगितलेले दुष्टचक्र अशा रीतीने तोडायचे होते.

आकडे पाहता हा डाव बऱ्याच अंशी साधला. माहिती देण्यास संमती दिलेल्या ग्राहकांच्या संगणकांवरून मायक्रोसॉफ्टने जी मोजणी केली, तीत चौकट उघडायला लावणाऱ्या वेगवेगळ्या आज्ञावल्या व कामांची संख्या ऑगस्ट २००७ मध्ये ७,७५,३१२ होती. ऑगस्ट २००८ मध्ये ती १,६८,१४९ झाली. आज सामान्य कामकाजात ही चौकट क्वचितच दिसते. याचे श्रेय विंडोजमधील बदलांइतकेच सॉफ्टवेअर लिहिण्याच्या बदललेल्या सवयीलाही आहे, आणि ती सवय त्या कटकटीमुळे बदलली.

विंडोज ७ मधील बदल

२००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये चार पातळ्यांची सरकपट्टी देण्यात आली. सर्वांत वरच्या पातळीवर प्रत्येक वेळी विचारणा होते. त्याखालची पातळी मूळ मांडणी म्हणून ठेवली गेली; तीत इतर आज्ञावल्यांनी बदल केल्यास विचारणा होते, पण विंडोजच्या स्वतःच्या ठरावीक घटकांना न विचारताच अधिकार मिळतात. तिसऱ्या पातळीवर पडदा मंद होत नाही, म्हणजेच सुरक्षित डेस्कटॉप वापरला जात नाही. चौथीवर विचारणा बंद होते.

स्वतःच्या घटकांना दिलेली ही सूट वादग्रस्त ठरली. विंडोज ७ ची चाचणी आवृत्ती उपलब्ध असतानाच, २००९ च्या आरंभी, लाँग झेंग आणि राफेल रिव्हेरा यांनी एक साधी स्क्रिप्ट दाखवली. ती कळफलकाचे बनावट दाब पाठवून ही सरकपट्टीच तळाला नेत असे, आणि त्यासाठी कोणतीही चौकट उघडत नसे. पहारेकऱ्याला न उठवता त्याला कामावरून काढून टाकण्याचाच हा प्रकार होता. हे ठरवून केलेल्या रचनेनुसारच असल्याचे मायक्रोसॉफ्टने प्रथम म्हटले. टीका वाढल्यावर सरकपट्टीचे पान उच्च पातळीवर हलवण्यात आले आणि ती बदलताना संमती मागितली जाऊ लागली. सूट मात्र कायम राहिली. पुढे यूएसी चुकवण्याच्या ज्या अनेक पद्धती उघड झाल्या, त्यांपैकी पुष्कळ या सवलतप्राप्त घटकांनाच फसवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली, विंडोजच्या घटनानोंदी दाखवणाऱ्या साधनाचा आडवाटेने उपयोग करणारी पद्धत हे त्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सरकपट्टी सर्वांत वर ठेवली असता ही सूट लागू होत नाही आणि अशा बहुतेक पद्धती निष्फळ ठरतात.

सुविधा बंद करण्याविषयीचे मतभेद

बंद करण्याच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत सबळ मुद्दा सवयीचा आहे. ज्या प्रश्नाला शंभरातून शंभर वेळा ‘होय’ असेच उत्तर दिले जाते, तो प्रश्न वाचला जाणे थांबते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील सारा मोतिई, कर्स्टी हॉकी आणि कॉन्स्टँटिन बेझ्नोसोव यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ जणांचे निरीक्षण करण्यात आले. ते सर्वच्या सर्व प्रशासक खाते वापरत होते, ६९ टक्के लोक या सुविधेचा योग्य वापर करत नव्हते, आणि कमी अधिकारांच्या खात्याचे फायदे ९१ टक्के लोकांना माहीत नव्हते. हे आकडे सुविधेच्या समर्थकांना अडचणीचे आहेत. मात्र त्यांतून चौकट निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष निघत नाही. जे तिला न वाचता ‘होय’ म्हणतात, ते सुविधा बंद असलेल्या संगणकापेक्षा अधिक असुरक्षित होत नाहीत. आणि जे वाचतात, त्यांना नकाराची एक संधी मिळते.

दुसरा मुद्दा असा, की यूएसीला मायक्रोसॉफ्टनेच सुरक्षेची सीमारेषा मानलेले नाही. मार्क रुसिनोविच यांनी २००७ मध्ये ‘टेकनेट मॅगझिन’मधील लेखात हे स्पष्ट केले होते. दोन टोकने एकाच व्यक्तीची असतात, एकाच डेस्कटॉपवर वावरतात आणि एकच प्रोफाइल वापरतात. त्यामुळे गाळलेल्या टोकनावर चाललेली हानिकारक आज्ञावली योग्य क्षणाची वाट पाहून पूर्ण टोकनावर चालणाऱ्या आज्ञावलीला बिघडवू शकते. खुद्द चौकटीतही दोष सापडला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुरुस्त केलेल्या एका त्रुटीत, चौकटीतील प्रकाशकाच्या प्रमाणपत्राच्या दुव्यावर टिचकी मारून ब्राउझर थेट प्रणालीच्या अधिकाराने उघडता येत असे.

तिसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे. घरगुती वापरकर्त्याच्या दृष्टीने मोलाचे असते ते त्याचे स्वतःचे सामान: छायाचित्रे, हिशेब, प्रबंध, ब्राउझरमध्ये साठवलेले परवलीचे शब्द. त्यांना हात लावण्यास प्रशासकाचे अधिकार लागतच नाहीत. खंडणी मागणारी आज्ञावली ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमधील सर्व काही कुलूपबंद करू शकते आणि त्यासाठी एकही चौकट उमटत नाही. तिला प्रशासक अधिकार लागतात ते पुढच्या पायरीवर. विंडोज स्वतःहून ठेवते त्या संचिकांच्या जुन्या छायाप्रती पुसण्यासाठी, विषाणुरोधक थांबवण्यासाठी किंवा संगणकात कायमचे ठाण मांडण्यासाठी. तेथे दिलेल्या ‘नाही’चा उपयोग होतो, गेलेल्या संचिका परत मिळण्याचा मार्ग त्यामुळे कधी कधी शिल्लक राहतो.

सुविधा बंद केल्यावर नेमके काय घडते, हे विंडोजच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. व्हिस्टा व विंडोज ७ मध्ये ती पूर्ण बंद होई. दोन टोकनांची विभागणी संपून प्रत्येक आज्ञावली पूर्ण अधिकाराने चाले. इंटरनेट एक्सप्लोररचा ‘संरक्षित मोड’ याच यंत्रणेवर उभा असल्याने तोही जाई. चौकटीला कंटाळून सरकपट्टी खाली ओढणाऱ्याला आपण ब्राउझरचेही कवच काढले याचा पत्ता नसे. विंडोज ८ पासून सरकपट्टी तळाला नेल्यास विभागणी नावापुरती टिकते, पण प्रशासक खात्यातून आलेली अधिकाराची प्रत्येक मागणी मुकाट्याने मान्य होते. रजिस्ट्रीत बदल करून ती समूळ बंद करता येते. मात्र विंडोज ८ मध्ये तसे केल्यास स्टोअरमधील अॅप चालत नसत.

समूळ बंद करण्याचा आणखी एक परिणाम हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुकानदारांना विशेष भोवणारा आहे. अशा सॉफ्टवेअरची माहिती कित्येकदा वर उल्लेखिलेल्या व्हर्च्युअलस्टोर फोल्डरमध्ये साठत गेलेली असते. यूएसी बंद होताच ही वळणवाट बंद होते, सॉफ्टवेअर मूळ फोल्डरमध्ये पाहू लागते आणि तेथे काहीच नसते. नोंदी पुसल्या गेल्यासारखे वाटते. त्या पुसलेल्या नसतात. सुविधा पुन्हा चालू केली, की जागच्या जागी दिसतात. या दोन घटनांतील संबंध लक्षात न आल्यास सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याच्या खटाटोपात उरलेली माहितीही गमावली जाण्याचा धोका असतो.

दूरस्थ मदतीच्या वेळीही ही सुविधा बंद करण्याचा आग्रह होतो. साध्या अधिकाराने चाललेल्या दूरनियंत्रण सॉफ्टवेअरला सुरक्षित डेस्कटॉप दिसत नाही. मदत करणाऱ्याचा पडदा त्या क्षणी काळा होतो आणि ‘होय’ म्हणण्यासाठी त्याला संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीवर अवलंबून राहावे लागते. प्रामाणिक तंत्रज्ञाला ही अडचण वाटते. पण बँकेतून किंवा संगणक कंपनीतून बोलत असल्याची बतावणी करणाऱ्या ठकसेनालाही तीच अडचण येते, आणि फोनवरून ‘आता होय दाबा’ असे सांगणे त्याला भाग पडते.

सर्व्हर संगणकांची गोष्ट वेगळी आहे. ज्या सर्व्हरवर केवळ प्रशासकच प्रवेश करतात, व तेही व्यवस्थापनाच्या कामापुरते, तेथे विशिष्ट परिस्थितीत यूएसी बंद ठेवण्यास मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन मुभा देते. जेथे ब्राउझर, ई-मेल किंवा कार्यालयीन सॉफ्टवेअर चालते, त्या संगणकांना ही सवलत लागू नाही. पुष्कळदा सर्व्हरसाठीचा हा सल्ला घरगुती संगणकाला लावला जातो, आणि गल्लत तेथून सुरू होते.

चालू किंवा बंद या दोन पर्यायांखेरीज तिसरा, अधिक परिणामकारक पर्याय फारसा चर्चिला जात नाही: प्रशासकाचे खाते वेगळे ठेवून रोजचे काम सामान्य खात्यातून करणे. तेथे दोन टोकने एकाच व्यक्तीची नसतात. अधिकार खरोखर दुसऱ्या खात्याकडे असतात. विंडोजच्या स्वतःच्या घटकांना मिळणारी सूटही सामान्य खात्याला उपयोगी पडत नाही. गैरसोय इतकीच, की ‘होय’ऐवजी परवलीचा शब्द टंकावा लागतो. सॉफ्टवेअर महिन्यातून एखाद्या वेळी बसवणाऱ्या घरात ती नगण्य आहे. दिवसातून दहा वेळा मांडणी बदलणाऱ्या विकसकाला ती जाचते.

इतर प्रणालींतील समांतर सुविधा

लिनक्सच्या उबुंटू वितरणाने २००४ मधील पहिल्या आवृत्तीपासून मुख्य प्रशासक खाते बंद ठेवून सुडोचा अवलंब केला. मॅकओएसमध्येही प्रणालीतील बदलांसाठी परवलीचा शब्द विचारला जातो. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून पडद्याचे चित्रण, तसेच डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स फोल्डर यांसाठीही आज्ञावलीगणिक परवानगी लागू झाली. गंमत म्हणजे तेव्हा अॅपलवर झालेली टीका २००७ मधील त्या जाहिरातीची आठवण करून देणारीच होती. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून कॅमेरा, संपर्कयादी, स्थान इत्यादींसाठी अॅप वापरताना विचारणा होते. या परवानग्या वापरकर्त्याच्या खासगी माहितीचे रक्षण करतात, म्हणजे यूएसी ज्या जागी अपुरे पडते, नेमक्या त्या जागी त्या काम करतात.

प्रशासक संरक्षण

नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी ‘प्रशासक संरक्षण’ या नव्या व्यवस्थेची माहिती दिली. तीत वापरकर्त्याच्या दोन टोकनांऐवजी प्रणालीने स्वतः सांभाळलेले, दडलेले असे स्वतंत्र प्रशासक खाते वापरले जाते. प्रत्येक कामासाठी नवे टोकन तयार होते आणि काम संपताच नष्ट होते. प्रोफाइल वेगळे असल्याने रुसिनोविच यांनी दाखवलेली सामाईक जागा उरत नाही. विंडोजच्या घटकांना न विचारता अधिकार देण्याची २००९ पासूनची सूट या व्यवस्थेत काढून टाकण्यात आली आहे. संमतीसाठी केवळ ‘होय’ न पुरता विंडोज हॅलोद्वारे पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा यांनी ओळख पटवावी लागते. यूएसीच्या उलट, ही व्यवस्था सुरक्षेची सीमारेषा म्हणून आखलेली आहे.